डावी तलासरीला, उजवी डहाणूला

बाबांची कवळी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली ती काचेच्या पेटीत. तीही अर्धी. गुलाबी सॅटिनच्या उशीवर वरच्या दातांची ओळ ठेवलेली, तिच्यावर पिवळा दिवा सोडलेला आणि पुढे पाटी: 'थोर कादंबरीकारांचे दात, वरचे.' पेटी बंद करताना आत एक माशी अडकली होती. ती दातांवरून निवांत फिरत होती.

मी तोंड फिरवलं. दातांची किळस आली असं कुणी समजू नये. बाबांचं शेवटचं सगळं मी केलेलं आहे. अंग पुसलं, भांडं दिलं, उलट्या काढल्या, त्यात कधी नाक मुरडलं नाही. पण कवळी काढायची वेळ झाली की बाबा मला खोलीबाहेर पाठवायचे आणि आतून कडी लावायचे. हात थरथरायला लागले तरी कडी लावायचे. बोळक्या तोंडानं त्यांना आईखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहू नये एवढीच त्या माणसाची हौस होती. आता उद्घाटन झालं की शाळेची पोरं रांगेनं येऊन त्यांचे दात बघणार होती.

"कशी वाटली मांडणी, ताई?" शेजारी उभे असलेले डहाणूच्या स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणाले. यांचा मूळ धंदा मंडप-डेकोरेशनचा. म्हणून तर सॅटिन. "लाइटिंग मी स्वतः उभं राहून करून घेतलंय."

"आणि खालचे दात?" माहीत असूनही मी विचारलं.

"ते तलासरीला," अध्यक्ष म्हणाले. आवाजात जरा कडूपणा होता, म्हणजे खालचेही मिळायला हवे होते.

उद्घाटनाच्या आधी घरच्यांनी एकदा नजर टाकावी म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी सगळं दालन फिरले. एका भिंतीवर बाबांचा गंजीफ्रॉक हँगरला लावून टांगलेला, काखेतल्या पिवळ्या डागांसकट. एका पेटीत फणी, तिच्यात अडकलेले पांढरे केस तसेच. एका पेटीत नखं कापायचं यंत्र. कोपऱ्यात कापडदुकानातला पुतळा उभा केलेला, गोरापान, गुलाबी ओठांचा, त्याच्या अंगात बाबांचा सदरा आणि नाकावर बाबांचा चष्मा. पुतळ्याचं नाक सरळ, बाबांचं फेंदारलेलं. त्यामुळे चष्मा घसरत होता, म्हणून तो चिकटपट्टीनं कानाला चिकटवला होता. आणि सगळ्यांत शेवटी एका चौथऱ्यावर, खरं वाटणार नाही, पण बाबांचं लघवीचं भांडं. 'अखेरच्या दिवसांतील पात्र' अशी पाटी. घासलेलंही नव्हतं.

"पुस्तकं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कपाटात आहेत ना. कपाट आतल्या खोलीत आहे."

"मग बाहेर मांडा की."

"ताई, पोरं हाताळतात. खराब होतात पुस्तकं."

मी चिकूच्या फोडी वाळवून विकते. रोज सकाळी परातीत हात घालून सडका चिकू बाजूला काढते, त्यामुळे सडकं काय आणि पिकलेलं काय हे माझ्या हाताला कळतं. त्या दालनात उभं राहून मला वाटलं की इथं एक गोष्ट धड नाही. अध्यक्षांना मी तसं तोंडावर सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही भावनिक झालात. साहजिक आहे."

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते.

माझे आजोबा तलासरी तालुक्यात झरीला शिक्षक होते. बाबांचा जन्म तिथला. पुढे बाबाही शिक्षक झाले, डहाणूच्या शाळेत नोकरी केली आणि चिखल्याला घर बांधलं. घरामागे चिकूची लहानशी वाडी. त्या घरात बसून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्या इतक्या गाजतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, त्यांनाही नव्हतं. मोठ्या गाड्यांतून लोक भेटायला यायचे तेव्हा बाबा वाडीत माझ्याबरोबर चिकू वेचत असायचे आणि पाहुण्यालाच म्हणायचे, "सर घरात नाहीत, उद्या या."

असा माणूस गेला. गेला त्याच्या तिसऱ्याच दिवशी डहाणूची मंडळी दारात. आई सुतकात आतल्या खोलीत बसलेली, मी चुलीशी. बाहेर माझा मोठा भाऊ. दादा मुंबईला असतो, बाबांची एकही कादंबरी त्यानं पुरती वाचलेली नाही, पण त्या दिवशी पाचसहा माणसं हात जोडून 'थोर, थोर' म्हणत होती आणि दादाची छाती फुगत होती. स्मृतिदालन उभारतो, वापरातल्या वस्तू द्या, असं त्यांचं मागणं. दादानं आम्हाला न विचारता हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, हौसेनं घरभर फिरून वस्तू गोळा करून दिल्या. माझ्या चिकूच्या पेटीत भरून दिल्या. पेटीही गेली.

दुसऱ्या दिवशी तलासरीहून दुसरी समिती आली. तिचे अध्यक्ष हायवेवरच्या धाब्याचे मालक. त्यांचं म्हणणं असं की लेखकाचा जन्म आमच्या तालुक्यातला, मग वस्तूंवर पहिला हक्क जन्मभूमीचा. डहाणूकरांचं म्हणणं, लिहिलं इथं, नोकरी केली इथं, वारले इथं, म्हणून कर्मभूमीचा. मेलेल्या माणसाच्या गंजीफ्रॉकवरून जन्मभूमी आणि कर्मभूमी चारचौघांत हमरीतुमरीवर आली. दादानं तोडगा काढला. दोन्ही समित्यांना त्याच धाब्यावर बसवलं आणि वाटणी करून दिली. कुणावर अन्याय नको म्हणून जोडीची वस्तू अर्धी अर्धी. चष्मा डहाणूला, चष्म्याचं घर तलासरीला. पेन डहाणूला, पेनाचं टोपण तलासरीला. वरचे दात कर्मभूमीला, खालचे जन्मभूमीला. गंजीफ्रॉक दोन होते म्हणून त्यांना कात्री लागली नाही.

आणि चपला. डावी तलासरीला, उजवी डहाणूला.

दादानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याला वाटत होतं मी शाबासकी देईन. मी फोन ठेवला. आईला सांगायला माझी जीभ रेटेना, पण सांगावंच लागलं, कारण बारावा जवळ आला होता आणि आई चपला शोधत होती.

आमच्या घरी बाराव्याला गेलेल्या माणसाची छत्री, काठी आणि चपला द्यायची रीत आहे. नव्या नाही, त्याच्याच, पायातल्या. द्यायच्या त्या त्याच्या वयाच्या, त्याच्या माणसाला. त्यानं त्या आमच्या अंगणात पायात घालायच्या आणि मागं न बघता आपल्या घरापर्यंत चालत जायचं. तो चालला की गेलेलाही चालायला लागतो, त्याची वाट सरते, असं आई मानते. मी असलं काही मानत नाही. पण आई मानते, आणि त्या घरात साठ वर्षं नवऱ्याबरोबर काढलेल्या बाईचं मानणं माझ्या न मानण्यापेक्षा मोठं आहे.

माणूसही ठरलेला होता. आमच्या वाडीमागच्या पाड्यावर एक काका राहतात. थोडी भातशेती, बाकी मजुरी. तरुणपणी ते आमच्या वाडीत चिकू उतरवायला यायचे तेव्हापासून बाबांचे जोडीदार. रोज संध्याकाळी दोघं सुरूच्या बनातून किनाऱ्यावर चालायला जायचे. बाबा चपला घालून, काका अनवाणी. चपला त्यांनी कधी घातल्याच नाहीत. बाबांना ते 'मास्तर' म्हणायचे आणि 'तू' म्हणायचे. सगळ्यांनाच ते 'तू' म्हणतात, तहसीलदारालाही.

बाराव्याला काका आले. आईनं छत्री दिली, काठी दिली. मग हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, चपला नाहीत. चपला मागून देते."

भटजी म्हणाले, "नव्या आणा, वहिनी. चालतं शास्त्रात."

"शास्त्रात चालतं, त्यांना नाही चालत," आई म्हणाली. "नवी त्यांना चावते."

हे खरं होतं. बाबांच्या डाव्या तळपायाला कुरूप होतं. नव्या चपलेनं त्यांचा जीव जायचा आणि अनवाणी पाय टेकला तर लंगडायचे. म्हणून डहाणू स्टेशनाजवळच्या चांभाराकडून ते साधी चामड्याची चप्पल घ्यायचे आणि आई घरी आणल्याबरोबर डाव्या चपलेत, नेमकी कुरूप टेकतं तिथं, चाकूनं गोल भोक पाडायची. पहिल्यांदा भोक पाडलं तेव्हा दोन बोटं कापून घेतली होती तिनं. मग सरावली. बाबा म्हणायचे, माझ्या चपलेत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हे भोक. शेवटचा जोड तर इतका मऊ झाला होता की हातात धरला तर मान टाकायचा.

तेव्हापासून माझं एकच काम झालं, ती जोडी परत आणणं. आणि त्या कामानं मला माणसांची जी घाण दाखवली ती सडक्या चिकूतही नसते.

डहाणूचे अध्यक्ष म्हणाले, "देऊ की. पण आम्ही उजवी दिली आणि त्यांनी डावी दिली नाही, तर आमचं दालन उघडं पडणार. आधी त्यांना द्यायला सांगा."

तलासरीचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही कशाला अडवू? आधी डहाणूवाल्यांनी द्यावी."

मी इकडे फोन करायचे, मग तिकडे. कधी अध्यक्ष मीटिंगमध्ये, कधी लग्नात. एकदा डहाणूवाले म्हणाले की वस्तू समितीकडे जमा झाली की ती 'सांस्कृतिक ठेवा' होते, कुटुंबाची राहत नाही. मी विचारलं, लघवीचं भांडंही? ते म्हणाले, ताई, तुम्हाला विनोद सुचतात, वडिलांवर गेल्यात. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, एका चपलेसाठी एवढी मोठी माणसं कशाला दुखवायची, आई म्हातारी आहे, विसरेल. मी त्याला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आई विसरली नाही. ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची, बाबा किनाऱ्यावरून परत यायचे त्या वेळेला, आणि म्हणायची, "निघालेलेच नसतील अजून. चपला शोधत असतील." रडत नव्हती. जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणायची. मला त्या आवाजाचीच भीती वाटायची.

वर्षश्राद्ध जवळ येऊ लागलं तसं तिनं स्वतःच ठरवलं. म्हणाली, "मला तलासरीला ने."

आम्ही घोलवडवरून टमटम धरली आणि झरीच्या रस्त्यानं तलासरीला गेलो. झरी आली तेव्हा आईनं आजोबांच्या शाळेकडे बघून हात जोडले. तलासरीचं दालन म्हणजे एका सभागृहाची मागची खोली. ओल आलेल्या भिंतींवर भगवा ऑइलपेंट, कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा ढीग, आणि मधोमध टेबलावर खालचे दात, पेनाचं टोपण, चष्म्याचं घर. बिनचष्म्याचं घर उघडं ठेवलेलं, आत झेंडूची पाकळी. दातांसमोर उदबत्ती लावलेली. तिची राख दातांवर पडली होती. मी पदरानं नाक झाकलं, अध्यक्षांना वाटलं धुरामुळे.

मला वाटलं होतं आता वाद होईल. पण ते एकदम मोकळेपणानं म्हणाले, "आई स्वतः आल्या म्हणजे विषय संपला. घेऊन जा चप्पल." आणि शिपायाकडून पेटी उघडवली. मला क्षणभर लाज वाटली की या माणसाला मी इतके महिने मनात शिव्या दिल्या.

आईनं डावी चप्पल दोन्ही हातांत घेतली. उलटी केली. सुलटी केली. मग अंगठ्यानं तिचा तळ चाचपला, अंधारात देवघरातली काडेपेटी शोधावी तसा, आणि चाचपतच राहिली.

"ही त्यांची नव्हे," ती म्हणाली.

"तीच आहे, आई," अध्यक्ष म्हणाले.

"भोक कुठंय?"

"कसलं भोक?"

"मी पाडलेलं."

अध्यक्षांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं जमिनीकडे. मग अध्यक्ष हसले. ते हसू मला अजून आठवतं. चोरी पकडल्यावर माणूस ओशाळतो, तसं नव्हतं ते. आपण किती सोयीनं काम केलं ते सांगायला मिळतंय, असं होतं.

"त्याचं काय झालं, ओरिजनलच होती. पण पावसात इथं छत गळलं. चप्पल भिजली, बुरशी धरली. आणि खरं सांगू, वास मारायला लागली हो. उद्या मोठमोठी माणसं येणार, त्यांच्यापुढं तसली घाण कशी ठेवायची? म्हणून काढून टाकली. सेम टू सेम मागवलीय. टेन्शन नका घेऊ, कोण बघतंय?"

"मी बघते," आई म्हणाली.

"कुठं टाकली?" मी विचारलं.

"कचऱ्यात. कचरा मग जातो कुठंतरी हायवेला."

माझा तोल सुटला. मी म्हणाले, "चप्पल वास मारते म्हणून फेकली, आणि दात ठेवले उदबत्ती लावून? तुम्हाला बाबांच्या वस्तू हव्यात, पण बाबा त्या वस्तूंना लागलेले नकोत. एवढी किळस होती तर नेलीत कशाला?" आणखीही बरंच बोलले. धाब्यावर रोज शंभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेणारा माणूस तो, त्यानं ऐकून घेतलं. मग शिपायाला म्हणाला, "ताईंना ताक आण." आणि मला म्हणाला, "ही नवी जोडीनं आली होती. उजवी खोक्यात तशीच पडून आहे. पाहिजे तर दोन्ही घेऊन जा, जोड होईल."

आईनं हातातली चप्पल टेबलावर ठेवली, खालच्या दातांच्या शेजारी. ताक तिनं घेतलं नाही. परतताना ती टमटममध्ये कडेला बसली. चिकूच्या वाड्या लागल्या तेव्हा म्हणाली, "नेमकी डावी." थोड्या वेळानं म्हणाली, "उजवी तरी आणू."

डहाणूच्या दालनाचं उद्घाटन त्याच आठवड्यात होतं. आईला व्यासपीठावर बसायचं निमंत्रण. एरवी मी तिला तिथं पाठवलं नसतं, स्वतःही गेले नसते. पण आई म्हणाली, जाऊ. नऊवारीची घडी मोडली, केसांत काही माळलं नाही, गेली.

बाहेर मंडप, आत मंडप. भाषणं झाली. एका वक्त्यानं बाबांच्या कादंबरीचं नाव चुकवलं, दुसऱ्यानं त्यांना कवी केलं. तिसऱ्यानं सांगितलं की बालपणी दिव्याच्या उजेडात ते आपल्याच मांडीला मांडी लावून बसायचे. हा वक्ता बाबांपेक्षा तीस वर्षांनी लहान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांच्या गंजीफ्रॉकखाली उभी होते, आणि गंजीफ्रॉकला पंख्याचं वारं लागून तो हलत होता. मला वाटलं, या माणसाला मरणानंतरही अंग झाकायला देत नाहीत.

मग निवेदकानं जाहीर केलं की आता वहिनींच्या शुभहस्ते पादुकांची स्थापना. पादुका! उजवी चप्पल एका ताटात आणली. तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. अध्यक्षांनी आधी आईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, मग ताट दिलं. आईनं चप्पल उचलून सॅटिनवर ठेवायची आणि फोटो निघायचा, अशी आखणी. फोटोग्राफर एक गुडघा टेकून तयार.

आईनं नारळ निवेदकाच्या हातात दिला. चप्पल उचलली. पदराच्या टोकानं तिच्यावरचं कुंकू पुसलं, अगदी सावकाश, अंगठ्याच्या पट्ट्याखालचंसुद्धा. मग खांद्यावरची शाल काढली, चप्पल तिच्यात गुंडाळली, पोटाशी धरली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायला लागली. लोकांना वाटलं हाही विधीतलाच भाग आहे. ते टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांच्या गजरात आम्ही दोघी बाहेर आलो आणि रिक्षात बसलो. रिक्षा सुटल्यावर मागं अध्यक्ष हात वर करून पळत येताना दिसले, गळ्यातला बिल्ला उडत होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, आईंच्या हातून चुकून..."

"चुकून नाही," मी म्हणाले.

"पण उशी रिकामी दिसते हो."

"मग तुमची ठेवा," मी म्हणाले आणि फोन कापला.

त्यांनी त्याहून सोपी युक्ती काढली. तलासरीच्या खोक्यात ती नवी उजवी पडून होती, ती मागवून घेतली. दोन्ही समित्यांनी वर्षभरात एकमेकांना दिलेली ही पहिली वस्तू. आता बाजारातल्या एकाच जोडीतली डावी तलासरीला आहे आणि उजवी डहाणूला. दोन्हीकडे उदबत्ती लागते. शाळेच्या सहलीतली पोरं ओळीनं येतात, बाई म्हणतात नमस्कार करा, पोरं डोकं टेकवतात. त्या चपलेत बाबांचा पाय कधी गेला नाही. कुणाचाच गेला नाही. पोरं कादंबरी न बघता घरी जातात, कारण कपाटाची किल्ली अजून कुणाकडे आहे ते कळत नाही. हे ऐकलं तेव्हा मला हसू यायला हवं होतं. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं.

वर्षश्राद्धाला आम्ही कुणाला बोलावलं नाही. दादा आला होता, त्याला आईनं वाढलं, बोलली नाही. उन्हं कलल्यावर पाड्यावरचे काका आले. हातात बाबांची काठी होती, वर्षभर वापरून तिची मूठ काळी झालेली. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले. आईनं शाल उलगडली आणि चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली.

"भाऊ, एवढीच मिळाली," ती म्हणाली. "उजवी. दुखऱ्या पायाची गेली. टाकून दिली त्यांनी." आणि वर्षभर मीठ कमी आहे अशा आवाजात बोलणाऱ्या माझ्या आईचा आवाज फुटला. "नेमका दुखरा पाय उघडा राहिला हो त्यांचा."

काकांनी चप्पल बघितली. काठीच्या टोकानं सरळ केली आणि उजवा पाय आत सरकवला. जन्मात पहिल्यांदाच पायात काही घातलं होतं त्यांनी, बोटं पट्ट्याखाली जाईनात. मी वाकून पट्टा ताणला तेव्हा गेली. मग त्यांनी आपला डावा पाय जरा पुढं केला. काळा, भेगांनी भरलेला, टाच शेवाळल्या दगडासारखी.

"मास्तरला सांग, वयनी," ते म्हणाले, "उजवा त्याचा, डावा माझा. माझ्या डाव्याला काय नाय रुतत. डाव्याचं मी बघतो."

आणि वळून चालायला लागले. अंगणात वाळलेली पानं पडली होती. चप्पल पडली की पानं वाजत होती, पाऊल पडलं की वाजत नव्हती. त्यांनी मागं बघितलं नाही. आई ओट्याच्या खांबाला धरून उभी होती, आणि तिची नजर त्या डाव्या पायावरून हलत नव्हती. ते वाडीतून गेले, कुंपणाच्या फटीतून वाकून पलीकडे निघाले, पाड्याच्या वाटेला लागले आणि दिसेनासे झाले.

"लंगडले नाहीत," आई म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.